आपोआप आलेलं मीठ

सरकारला अकरा वर्षं जे कळलं नाही, ते बाळकुमच्या राघोच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्या सगळ्यांत मीठखात्याचा एक शिपाईही होता. तो म्हणजे राघोचा धाकटा मुलगा गुणाजी. दरवर्षी माघी पौर्णिमेला तो नाक्यावरची सकाळची पाळी मागून घ्यायचा आणि दुपारपर्यंत बांधाकडे पाठ करून उभा राहायचा. यंदा पौर्णिमा उजाडली आणि तो पट्टा-बिल्ल्यासकट घराच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा चुलीपुढं बसलेल्या मालनला, त्याच्या बायकोला, विचारायची गरजच पडली नाही. तिनं विस्तव मागं ओढला.

नवा जमादार आला होता. देशावरचा, कामाचा, आणि कामाचा असल्याचं दाखवायची हौस असलेला. त्यानं सकाळीच फर्मावलं होतं की आज बाळकुमच्या खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतली, बंद मिठागरं पायानं फिरून बघायची. आणि वाट दाखवायला बरोबर कोण, तर गुणाजी. कारण त्या खाजणात मीठ कुठं धरतं हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही, अशी त्याची खात्यात ख्याती होती. त्या ख्यातीवरच तर त्याला बढती मिळाली होती.

"वयनीला सांग, आज जाव नको," तो मालनला म्हणाला.

"मी? तुमची वयनी, तुमी सांगा."

मालनचं बरोबर होतं. सगुणेला काही सांगायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. ती मागच्या पडवीत नैवेद्याचा भात निवडत बसली होती. पंचेचाळिशीची, हाडानं रुंद, थोरल्या गणूची विधवा. तिच्या टाचा पाहिल्या की मालनला अजून कसंसंच व्हायचं. खारानं त्या इतक्या फुटल्या होत्या की उन्हात वाळलेल्या खाजणातच दोन पाय उगवलेत असं वाटावं. मालनचं माहेर नौपाड्यातलं, भाताच्या शेतीवाल्यांचं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा आगर बंद होऊन पाच वर्षं झाली होती, आणि मीठ पिकवणाऱ्यांच्या या घरात वाण्याकडून मीठ आणून खातात, हे पाहून तिला हसू आलं होतं. ते हसू तिनं फक्त एकदा दाखवलं. सगुणेनं तेव्हा तिच्याकडे नुसतं पाहिलं होतं.

त्या घराची रीतच तशी होती. माघात पहिलं मीठ धरलं की ते आधी बांधावरच्या आईचं. ही आई म्हणजे आगराच्या बांधावरचा शेंदूर लावलेला गुडघाभर उंचीचा दगड. बांध तिनं सांभाळायचा आणि हंगामाचं पहिलं मीठ घरानं तिला द्यायचं, असा चार पिढ्यांचा ठराव. त्या दिवशी घरात चूल अळणी पेटायची. अळणी भात घेऊन बांधावर जायचं, तिथं ओंजळभर पहिलं मीठ भातात कालवायचं, आईपुढं ठेवायचं, मग तोच भात सगळ्यांनी खायचा. त्यानंतर फावडी आगरात उतरायची.

अकरा वर्षांपूर्वी लहान आगरं बंद झाली. का, तर एवढ्याशा आगरांवर पहारा ठेवणं सरकारला परवडेना. मीठ वाईट होतं असं नाही, लोक चोर ठरले असंही नाही. पहारेकरी महाग पडत होते, म्हणून पिढ्यांचा धंदा एका कागदावर मोडला. समुद्राचं पाणी आत घेणारी उघाडी फोडून टाकली, वाफे मोडले. आणि वर कायदा असा की उन्हानं खाचखळग्यात आपसूक मीठ धरलं तरी त्याला हात लावायचा नाही. ऊन सरकारचं नव्हतं, समुद्र सरकारचा नव्हता, पण त्या दोघांनी मिळून केलेलं मीठ सरकारचं. ते मीठ दिसलं की शिपायांनी पायानं चिखलात कालवून टाकायचं. राघोच्या धाकट्या मुलाला सहा वर्षं पगार मिळत होता तो याचा.

सगुणेनं त्या पहिल्याच वर्षी दगडामागं, चिपीच्या झुडपांच्या आडोशाला, चटईएवढा एक वाफा धरला. दिवाळीपासून तळ तुडवायचा, भरतीचं पाणी घागरीनं आणून सोडायचं, उन्हाची वाट बघायची. ओंजळभर मीठ. तेवढंच. नंतर वाफा ती स्वतः मोडायची. गणू त्याच साली तापानं गेला. पुढल्या साली उधाणानं बांध फुटला आणि भाताच्या जमिनीत खार शिरला. तीन वर्षं दाणा नाही. मग गुरं गेली. मग दोन पोरं गेली, एक सगुणेचं, एक सहदेवाचं. माघी पौर्णिमेचं मीठ मात्र एका वर्षीही चुकलं नाही.

गुणाजी पडवीच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "वयनी, औंदा नको."

सगुणेनं मान वर केली नाही. "आयला निरोप धाडला का तुझ्या जमादारानं?" तिनं विचारलं. "धाडला असंल तर राहू दे."

*

सहदेवाला हाक मारून आणायला लागलं. तो मधला भाऊ. कल्याणच्या बाजूला रेल्वेच्या कामावर खडी फोडायचा, सणासुदीला घरी यायचा. गुणाजीनं पट्टा बांधला त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच पंगतीत बसायचे आणि म्हाताऱ्या बापाच्या तोंडून बोलायचे. "आबा, त्याला सांगा, पानी सरकव." "आबा, त्याला सांगा, हात हाय त्याला." राघो मध्ये बसून दोन्हीकडचं ऐकायचा आणि कोणालाच काही सांगायचा नाही. आगर बंद झाल्यापासून तो बोलणं विसरत चालला होता.

सहदेव पडवीच्या ओट्यावर बसला आणि त्याला सगळं समजलं तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं, की या बाबतीत आपलं मत पट्टेवाल्याच्याच बाजूचं आहे. त्याला देवीचा राग होता. तो राग त्यानं गावात कोणापाशी काढला नव्हता, पण खडी फोडताना प्रत्येक घावाला काढला होता. चार पिढ्या हिला मीठ घातलं. बांध सांभाळायचं काम हिचं. फुटला तेव्हा ही कुठं होती? त्याचा पोरगा काशिनाथ गेला तेव्हा कुठं होती?

त्यानं हे सगळं सांगितलं. चढ्या आवाजात नाही, पण एकेक शब्द फोडून. शेवटी तो सगुणेकडे वळला.

"अकरा वर्सा तू तिला मीठ देतेस, वयनी. तिनं तुला काय दिला?"

सगुणेनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला ठेवला. "मी काय मागाया जाते का तिच्याकडं? मागाया जात असते तर पयल्याच वर्सी थांबले असते."

"मंग कशाला जातेस?"

"आपला ठरला हाय म्हनून. तिनं तिचा बोल पालला का नाय ते तिचं ती बघंल. मी माझा मोडनार नाय. सरकारनं आगर बंद केला, बोल बंद केला नाय. तो बंद कराया आपला मानूस लागतो."

हे बोलताना तिनं दोन्ही दिरांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि सहदेवाच्या लक्षात आलं की आपल्याला आणि गुणाजीला तिनं एकाच टोपलीत टाकलं. हा अपमान त्याला मोठा वाटला. त्या भरात सहा वर्षांत पहिल्यांदा तो सरळ गुणाजीशी बोलला. धरली तर काय होईल, त्यानं विचारलं. गुणाजी चमकला, मग त्यानं बापाकडे न बघता सहदेवालाच उत्तर दिलं: केलेलं मीठ सापडलं तर कैद, तिला कैद आणि आपली नोकरी गेली, आणि या घरात भात शिजतो तो त्याच नोकरीवर, हे कोणाला आवडो न आवडो.

शकू तोवर सगुणेच्या शेजारी बसली होती. ही दोघांची बहीण, डोंबिवलीला दिलेली, पहाटे ओहोटीबरोबर होडीनं आलेली. नैवेद्याचं भांडं डोक्यावर घेऊन जायचा मान माहेरवाशिणीचा, म्हणून ती दरवर्षी यायची आणि आल्याबरोबर वहिनीच्या बाजूनं भांडायची. आजही तिनं सुरुवात तशीच केली होती. कैद हा शब्द ऐकला आणि तिचा हात हळूच भांड्यावरून खाली आला. तिच्या सासूनं निघताना बजावलं होतं, माहेरी काही वाकडं झालं तर तिकडंच राहा. ती हलक्या आवाजात म्हणाली की वाण्याचं मीठ घेऊन जाऊ की, देवीला काय कळतंय.

"तिला नाय कलनार," सगुणा म्हणाली. "मना कलंल."

तिघं भावंडं एका बाजूला आणि ती एका बाजूला, अशी त्या ओट्यावर पहिल्यांदाच वाटणी झाली होती. कोपऱ्यातून राघोनं खाकरलं. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा निकाल देणार.

"मीठ आलाय का?" त्यानं विचारलं.

"आलाय, आबा," सगुणा म्हणाली. "कालच धरलाय. चांगला पांढरा आलाय."

राघोनं मान हलवली आणि काठीसाठी हात पुढं केला. म्हणजे तो जाणार होता.

वाट काढली ती मालननं. ती इतका वेळ दाराआड उभी राहून ऐकत होती, आणि तिला या सगळ्यांचा संताप आला होता: नवऱ्याचा, की तो घाबरतो; जावेचा, की ती घाबरत नाही; आणि त्या दगडाचा, की त्याच्यापायी आपल्या दोन लेकरांच्या तोंडचा घास टांगला. ती बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली की जमादाराला मीठ दिसलं तर दिसू दे. आपोआप आलं म्हणून सांगायचं. खाजणात धरतं तसं धरलं. आपोआप आलेल्या मिठाला कैद नाही, ते तुडवायचं आणि पुढं जायचं. तुमचा शब्द तो मानतो ना? मग झालं. त्याच्या आधी ह्यांनी ओंजळभर घेऊन देवीचं उरकून घ्यावं.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सहदेव म्हणाला, पोरीला डोकं आहे. गुणाजीनं बायकोकडे पाहिलं ते लग्नानंतर फार क्वचित पाहिलं असेल तसं. शकूचा हात पुन्हा भांड्यावर गेला.

"आपोआप," सगुणा स्वतःशीच म्हणाली. तोंडात काही कडू आलं की जीभ फिरवतो तशी तिनं तो शब्द तोंडात फिरवला. पण ती पुढं काही बोलली नाही, आणि सगळ्यांनी ते हो धरलं.

*

जमादार वेळेआधी आला. कामाची माणसं वेळेआधीच येतात.

सगुणा, राघो, शकू आणि सहदेव दगडापाशी पोचले होते. मालन मागं राहिली होती, मुलांजवळ. शकूनं भातावरचं फडकं काढलं होतं आणि सगुणा झुडपांमागं वाफ्याशी वाकली होती, तेवढ्यात बांधावरून चार माणसं दिसली. पुढं जमादार, मागं दोन शिपाई, आणि गुणाजी. गुणाजीनं मुद्दाम लांबच्या खाचरांकडून वळसा घालून आणलं होतं. पण ऊन असं होतं की पांढरं मीठ कुठूनही चमकत होतं.

जमादार वाफ्याच्या काठावर उभा राहिला. मग गुणाजीकडे वळून, मीठ आपसूक धरलंय की कोणी केलंय, असं त्यानं विचारलं.

गुणाजीनं ठरलेलं उत्तर दिलं. "आपोआप आलेला हाय, साहेब. हितं सखल हाय जरा. भरतीचा पानी साचतो."

"लिही," जमादार दुसऱ्या शिपायाला म्हणाला. "बाळकुम, आपोआप आलेलं, अंदाजे अर्धा शेर, जागेवर नष्ट केलं." आणि मग, काम सुरळीत झाल्यावर माणसाला जो मोकळेपणा येतो त्या मोकळेपणानं, तो राघोशी बोलू लागला. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याला इतकंच म्हणायचं होतं की, ही तुमची जमीनच तशी. काही न करता मीठ देते. म्हणून तर तुम्हा लोकांना कष्टाची सवय राहिली नाही. आमच्या देशावर विहीर खणता खणता माणूस म्हातारा होतो. इथं समुद्र येतो, ऊन पडतं, आणि तुम्ही बसून खाता. सरकारनं हे बंद केलं ते एका परीनं तुमच्या भल्याचंच झालं.

राघो त्याच्या तोंडाकडे बघत होता. सत्तरीच्या त्या माणसाच्या पायांची बोटं आगरात वाकडी झाली होती, ती आता सरळ होणार नव्हती.

सगुणा उठून उभी राहिली. तिच्या ओंजळीत मीठ होतं.

"आपोआप नाय आला," ती म्हणाली. "मी केलाय."

गुणाजीनं डोळे मिटले. सहदेवानं "वयनी" म्हणून तिचा पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला. जमादारानं आधी तिच्याकडे, मग इतरांकडे पाहिलं, आणि तो हसला. रागानं नव्हे, मोठ्या माणसानं हसावं तसा.

"बाई, आगर म्हणजे चूल नव्हे. तळ बसवायला बारा गडी लागतात, मला माहीत आहे. उगीच नसतं अंगावर घेऊ नका. देवीचं काय ते करा नि घरी जा." मग शिपायाला: "लिहिलंय तेच राहू दे. आपोआप. चल रे गुणाजी, तुडव."

सगुणा तशीच उभी. अकरा वर्षांत तिला भीती वाटली होती ती पकडलं जाण्याची. आपलं केलेलं कोणाच्या डोळ्यांना दिसणारच नाही, अशी भीती तिला कधी शिवली नव्हती. दिवाळीपासूनचे दिवस, गार पाण्यात सुन्न झालेले पाय, नवरा गेला त्या वर्षी तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी उचललेली घागर, पोर गेलं त्या वर्षी रडत रडत तुडवलेला तळ. त्याच्यापुढं लिहिलं होतं: आपोआप. तिला तुरुंग देतायत म्हणून नव्हे, देत नाहीयेत म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्या माणसापुढं आलं याचा तिला आणखी संताप आला.

गुणाजी वाफ्यात उतरला.

आपोआप धरलेलं मीठ त्यानं सहा वर्षं तुडवलं होतं. त्याच्या खाली नेहमी गाळ असतो. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत जातं, दोन-चार फेऱ्यांत मीठ आणि चिखल एक होतात. त्यानं सवयीनं जोरात पाऊल टाकलं. ते गेलं नाही. त्यानं दुसरं टाकलं. मिठाच्या पापुद्र्याखालचा तळ टाचेला दगडासारखा लागला, आणि टाचेखाली वाजला. असा वाजणारा तळ त्यानं लहानपणी ऐकला होता. गणूदादा पुढं, त्याच्यामागं बारा गडी, शेवटी तो स्वतः, खांद्यावर हात टाकून एका तालात. तळ वाजेपर्यंत गणूदादा कोणाला बाहेर येऊ द्यायचा नाही. बारा गड्यांनी पंधरवडाभर तुडवून जसा तळ यायचा, तसा हिनं एकटीनं बसवला होता. दरवर्षी. आणि दरवर्षी आपल्या हातानं मोडून पुन्हा पहिल्यापासून.

"काय झालं?" जमादारानं विचारलं.

गुणाजी वाफ्याच्या मध्ये उभा होता. त्याला डोळ्यांपुढं मालन दिसत होती, मुलं दिसत होती, शिजणारा भात दिसत होता. गप्प राहिलं की सगळं वाचत होतं. पण तो त्या तळावर उभा होता आणि त्याच्या पायांना खोटं बोलता येईना.

"साहेब, हा केलेला वाफा हाय," तो म्हणाला.

"काय?"

"या, उतरून बघा. आपोआप असा तल बसत नाय. हा मानसानं बसवलाय. हिनंच बसवलाय. आमच्या आबांच्या आगरातसुद्धा असा तल मी बघितला नाय."

जमादाराच्या तोंडावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. मग त्यानं विचारलं की हे तुला कधीपासून ठाऊक. गुणाजी म्हणाला, नोकरीला लागलो त्याच्या आधीपासून. जमादारानं हात पुढं केला. गुणाजीनं पट्टा सोडून त्याच्या हातात दिला. शिपायाला लिहिलेली ओळ खोडायला सांगितली गेली, आणि नवीन ओळ कशी लिहायची यावर त्या दोघांची बरीच चर्चा झाली. एकट्या बाईनं आगर केल्याचा मजकूर त्यांच्या पाहण्यात नव्हता.

ते लिहिण्यात गुंतले तेवढ्या वेळात राघो सगुणेपाशी आला. काठी त्यानं शकूकडे दिली. सगुणेच्या ओंजळीतलं मीठ त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, भातात कालवलं, आणि आईपुढं ठेवलं. शिपायानं पाहिलं आणि जमादाराकडे पाहिलं. जमादारानं दगडावरच्या शेंदराकडे पाहिलं आणि पुन्हा कागदात मान घातली. कायद्यात देवीचं कलम नव्हतं, आणि उगाच कोण अंगावर घेणार.

मग राघोनं एकेकाच्या हातावर भात ठेवला. शकूनं खाल्ला. सहदेवानं घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. देवीवरचा त्याचा राग गेलेला नव्हता. तो पुढंही गेला नाही. पण तो भात देवीचा आहे असं त्याला त्या घडीला वाटेना, वहिनीचा वाटला. त्यानं खाल्ला, आणि जमादाराला ऐकू जाईल असं म्हणाला की वहिनी ठाण्याला एकटी जाणार नाही, मी बरोबर येतोय, मला बेड्या घालायच्या तर घाला.

गुणाजी अजून वाफ्यातच होता. त्याला भात द्यायला कोणी गेलं नाही. सगुणा गेली. तिनं घास त्याच्या हातावर ठेवला. त्यांचे डोळे भेटले तेव्हा तो म्हणाला, "वयनी, मी तुला जेलात धाडली."

"मी केलाय, हे तू कागदावर आनलास," सगुणा म्हणाली. "खा."

*

एक महिना साधी कैद. ठाण्याच्या कोर्टात ते सांगायला न्यायाधीशाला पान खायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही, असं सहदेवानं परत येऊन सांगितलं. तो हेही म्हणाला की सरकारचं मीठ खायचं नाही म्हणून वहिनीनं आत जाताना अळणी जेवण मिळेल का विचारलं, आणि तिथल्या बाईला वाटलं ही वेडी आहे.

गुणाजी आता सहदेवाबरोबर खडीवर जायचा. दोघं एकमेकांशी बोलत होते, म्हणजे भांडत होते. घरात भात एकवेळ शिजत होता.

मालननं आठ दिवस कोणाला काही म्हटलं नाही. नवव्या दिवशी दुपारी मुलांना निजवून ती बांधावर गेली. तिला त्या दगडाशी बोलायचं होतं, आणि घरात ते बोलता येत नव्हतं. दगडामागचा वाफा शिपायांनी फावड्यांनी खणून उलथापालथा केला होता. त्यात भरतीचं पाणी आणि काळा चिखल.

ती दगडापुढं उभी राहिली आणि मनात होतं ते सगळं बोलली. तू कोण लागून गेलीस, ती म्हणाली. माझ्या जावेचं आयुष्य खाल्लंस, नवरा खाल्लास, पोर खाल्लंस, आता तिला तुरुंगात धाडलीस. माझ्या नवऱ्याची भाकरी घेतलीस. अशी आणखी किती वर्षं? आणि तिकडं तो कागदवाला, न करता मीठ येतं म्हणणारा, त्याच्या जिभेला काही होत नाही. त्याला बढती मिळाली. त्याला, आणि तुला शेंदूर. दगडानं ऐकून घेतलं. तेवढं तो चांगलं करायचा.

बोलून झालं तरी राग संपेना. तो घेऊन घरी जायचं म्हणजे तो मुलांवर निघणार. मालननं लुगडं वर खोचलं आणि ती वाफ्यात उतरली. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. तिनं एक पाय उपटला आणि आपटला. दुसरा उपटला आणि आपटला. जमादारासाठी एक. त्या कागदासाठी एक. चूल एकवेळ पेटते त्यासाठी एक. हे कसं करायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. काळं पाणी तोंडावर उडत होतं आणि ती तोंड पुसत नव्हती.

बांधावर काठीचा आवाज आला. राघो किती वेळ उभा होता कोण जाणे. तो खाली उतरला नाही. तिच्या पायांकडे, फक्त पायांकडे, बघत राहिला.

मालन थांबली. तिला वाटलं, म्हातारा आता म्हणेल की औंदाचं मीठ झालं, आता हंगाम गेला, आता कशाला.

"टाच आधी," राघो म्हणाला. "बोटा मागना. आनि राग कमी करू नको. रागानं मारलेला पाय चांगला बसतो."

मालननं टाच आधी टाकली.